खेळाडूचा शोक आणि स्पर्धेचे वेळापत्रक

प्रश्न : मोठी स्पर्धा सुरू असताना आई किंवा वडील गेल्याची बातमी येते आणि खेळाडू दोन-चार दिवसांत पुन्हा मैदानात दिसतो. सगळे त्याचे कौतुक करतात, मला मात्र दर वेळी अस्वस्थ वाटते. हा मनाचा कणखरपणा असतो की संघाचे आणि चाहत्यांचे दडपण? आणि जो घरी निघून जातो, त्याने संघाला वाऱ्यावर सोडले असे म्हणायचे का?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. १९९९च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेत सचिन तेंडुलकरचे वडील रमेश तेंडुलकर यांचे निधन झाले, तेव्हा तो इंग्लंडहून तातडीने मायदेशी आला आणि लेस्टर येथे १९ मे रोजी झालेल्या झिंबाब्वेविरुद्धच्या सामन्यास मुकला. भारत तो सामना अवघ्या ३ धावांनी हरला. २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्याने १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या, आणि लोकांच्या स्मरणात राहिली ती हीच खेळी. ती खेळण्यापूर्वी तो घरी जाऊन आला होता आणि परत जाण्याचा आग्रह त्याच्या आईनेच धरला होता, ही बाजू मात्र गोष्ट सांगताना बहुधा गळून पडते.

माझी तक्रार गोष्ट सांगण्याच्या या पद्धतीबद्दलच आहे. शतक झाले, पदक मिळाले, म्हणजे खेळण्याचा निर्णय योग्य होता, असा उलटा हिशेब आपण मांडतो. अमेरिकेचा स्पीड स्केटिंगपटू डॅन जॅन्सन याची कहाणी या हिशेबात बसत नाही. १९८८च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये १४ फेब्रुवारीला त्याची ५०० मीटरची शर्यत होती आणि त्याच दिवशी सकाळी त्याची बहीण जेन रक्ताच्या कर्करोगाने गेली. तो शर्यतीत उतरला आणि पहिल्याच वळणावर पडला. चार दिवसांनी १००० मीटरमध्येही पडला. त्याला सुवर्णपदक मिळाले ते सहा वर्षांनी, १९९४ मध्ये लिलहॅमरला, विश्वविक्रमासह, आणि त्याने विजयाची फेरी मारली ती बहिणीचे नाव दिलेल्या आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन. ते पदक आले नसते तर १९८८चा त्याचा निर्णय चुकीचा ठरला असता का? २०१० मध्ये व्हँकुव्हरला कॅनडाची फिगर स्केटर जोआनी रोशेट हिची आई, मुलीचा खेळ पाहायला आली असतानाच, स्पर्धेच्या दोन दिवस आधी हृदयविकाराने गेली. रोशेट खेळली आणि तिला कांस्यपदक मिळाले. दुःख दोघांचेही तेवढेच खरे होते. बर्फावर एकाचा तोल गेला आणि दुसरीचा सावरला, एवढ्यावरून कोण अधिक कणखर हे ठरत नाही.

दडपणाचे म्हणाल तर ते असतेच, परंतु खेळण्यामागे केवळ तेच असते असेही नाही. ज्याचे सारे आयुष्य सरावाच्या वेळापत्रकावर चालते, त्याच्यासाठी अशा दिवशी मैदान ही एकमेव ओळखीची जागा असू शकते. शिवाय, ज्याच्यासाठी शोक करायचा, त्याच माणसाने अनेकदा त्याला त्या जागी पोहोचवलेले असते. २०१९ मध्ये हिरोशिमा येथे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या (एफआयएच) सिरीज फायनल्स स्पर्धेत उपांत्य सामन्याआधी भारताच्या लालरेमसियामीला वडिलांच्या निधनाची बातमी कळली. ती संघासोबत राहिली, भारताने स्पर्धा जिंकली आणि मगच ती मिझोरामला आपल्या घरी गेली. अर्थात, लांबणीवर टाकलेला शोक संपत नाही. मोहम्मद सिराजचे वडील २०२०च्या नोव्हेंबरमध्ये गेले तेव्हा तो ऑस्ट्रेलियात विलगीकरणात होता. मंडळाने परतण्याची मुभा देऊनही तो थांबला, कसोटी मालिकेत भारतातर्फे सर्वाधिक १३ बळी घेतले, आणि जानेवारीत मायदेशी उतरल्यावर विमानतळावरून तो थेट वडिलांच्या कबरीवर गेला.

प्रश्न : अशा खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो का? आणि काळी फीत लावण्यासाठीही परवानगी लागते, हे खरे आहे का?

उत्तर : हे खेळानुसार बदलते. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अशा रजेची स्वतंत्र यादीच आहे. त्यात खेळाडूला ३ ते ७ दिवस ठेवता येते आणि तेवढ्या काळापुरता बदली खेळाडू मिळतो. मर्यादित चमूच्या स्पर्धांमध्ये अशी सोय सहसा नसते, त्यामुळे चमूतली एक जागा रिकामी ठेवूनच संघाला स्पर्धा खेळावी लागते. फितीबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. २०२३च्या डिसेंबरमध्ये पर्थ कसोटीत पूर्वपरवानगीशिवाय काळी फीत बांधल्याबद्दल उस्मान ख्वाजाला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने समज दिली होती. ती वैयक्तिक शोकासाठी होती, असे त्याचे म्हणणे होते.

प्रश्न : सामना संपेपर्यंत बातमी लपवून ठेवणे योग्य आहे का?

उत्तर : किती वेळ आणि कोणाच्या सांगण्यावरून, यावर ते अवलंबून आहे. २०२५च्या आशिया चषकात अबुधाबीला अफगाणिस्तानविरुद्धचा सामना चालू असतानाच श्रीलंकेच्या दुनिथ वेल्लालागेचे वडील गेले. सामना संपताच त्याला सांगण्यात आले, तो मायदेशी गेला आणि त्याच स्पर्धेत परतला. येथे प्रश्न काही तासांचा होता. चीनची डायव्हिंगपटू (उंचावरून पाण्यात सूर मारणारी खेळाडू) वू मिनशिया हिच्यापासून आजी-आजोबांचे निधन वर्षभराहून अधिक काळ आणि आईचा कर्करोग त्याहूनही कितीतरी अधिक काळ दडवला गेला. तिला हे कळले ते २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकल्यावर. हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

अवघड प्रकरण आहे ते स्पेनच्या ओल्गा कार्मोनाचे. २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीत महिला विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तिने एकमेव गोल करून स्पेनला विजेतेपद मिळवून दिले, आणि दोन दिवसांपूर्वीच वडील गेल्याचे तिला सामन्यानंतर सांगण्यात आले. लपवण्याचा निर्णय घरच्यांचा होता, त्यांनी तो मायेने घेतला असणार, आणि ती वडिलांबद्दल अभिमानानेच बोलली. तरीही सामन्याआधी कळले असते तर खेळावे की नाही हे तिने स्वतः ठरवले असते, आणि तो हक्क तिच्या वतीने दुसऱ्यांनी वापरला, हे नाकारता येत नाही. यावर उपाय एकच सुचतो, आणि तो फारसा अवघडही नाही : चमू निघण्यापूर्वी व्यवस्थापकाने प्रत्येक खेळाडूला एकांतात विचारून ठेवावे, की घरून वाईट बातमी आली तर ती तुला त्याच क्षणी हवी की सामन्यानंतर, आणि ती कोणी सांगावी, आणि हेच उत्तर त्याच्या घरच्यांनाही कळवून ठेवावे.