फ्रान्सची सहल: कर्ज काढायचं, की चार महिने थांबायचं?

प्रश्न : नाशिकहून आम्ही नवरा-बायको आणि १९ वर्षांचा मुलगा, शिवाय जर्मनीत एमएस करणारी २३ वर्षांची मुलगी, असे चौघं मे महिन्यात १३ दिवस फ्रान्सला जाणार आहोत. पॅरिसहून गाडी भाड्याने घेऊन नॉर्मंडी आणि ल्वार खोऱ्यातली जुनी गावं बघायची आहेत. खर्च ८ लाख. दोन्ही मुलं २६ वर्षांखालची, म्हणून स्मारकांत त्यांची तिकिटं धरलेली नाहीत. एप्रिलअखेर ४.५ लाख जमतील. दरमहा ४० हजार शिल्लक राहतात. बाकीच्या ३.५ लाखांसाठी वैयक्तिक कर्ज घ्यावं, की अडीअडचणीसाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी मोडावी?

उत्तर : दोन्ही नको. १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी ३.५ लाख घेतलेत, तर हप्ता साधारण ११,८०० रुपयांचा बसेल आणि ७५ हजारांच्या आसपास व्याज जाईल. म्हणजे एका माणसाच्या विमानभाड्याहून जास्त. एफडीला हात लावू नका. सहल सप्टेंबरमध्ये न्या. मे ते सप्टेंबर असे पाच महिने धरले, तर आणखी दोन लाख जमतील. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे मुलीला तेव्हा सवड असेल. मुलाची हजेरी बुडेल, ते आधी कॉलेजात बोलून घ्या.

आता सहल साडेसहा लाखांत कशी बसवायची? १३ ऐवजी १० दिवस करा आणि गाडी फक्त पाच दिवस ठेवा. पॅरिसमध्ये गाडी म्हणजे पार्किंगचं भाडं भरत बसणं. पॅरिसहून नॉर्मंडीतल्या रुआँला ट्रेन दीड तासाच्या आत पोचवते. गाडी तिथे घ्या, ओनफ्लर, माँ-सँ-मिशेल, आंब्वाझ असं करत ल्वार खोऱ्यातल्या तूर शहरात सोडा आणि परत ट्रेनने पॅरिस गाठा. दुसऱ्या गावी गाडी सोडण्याचा आकार वेगळा लागतो. तो धरूनच भाड्याची तुलना करा. नॉर्मंडीतल्या बायो गावचा मुक्काम यंदा गाळलात तरी चालेल. तिथलं प्रसिद्ध भरतकाम ज्या संग्रहालयात असतं, ते सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे.

गाडीच्या व्यवहारात पैसे कुठे गळतात ते नीट बघा. मुलांना आलटून पालटून चालवू देऊ म्हणाल, तर ते जमणार नाही. १९ वर्षांच्या मुलाला बहुतेक कंपन्या गाडी देत नाहीत, २५ च्या आतल्या चालकाला रोजचा जादा आकार लागतो, आणि जर्मनीत राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी भारतीय परवाना तिथे चालत नाही. मुलीचं नाव चालक म्हणून घालून विम्याचा वाद ओढवून घेऊ नका. चालक तुम्ही दोघंच. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा (सरकारी शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष) आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा.

अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) पुष्कळ ठिकाणी नाकारतात आणि बुकिंगचे पैसेही परत मिळत नाहीत. कार्डाची मर्यादा किमान दीड-दोन लाख मोकळी हवी. डाव्या हाताने गिअर टाकायची सवय असेल, तर ऑटोमॅटिकच घ्या. महाग पडते आणि आधी सांगून ठेवावी लागते. लहान गावातली गाडी-कंपन्यांची कार्यालयं बहुधा दुपारी १२ ते २ आणि रविवारी बंद असतात, म्हणून गाडी परत करायचा दिवस रविवार ठेवू नका. काच आणि टायर मूळ विम्यात बहुधा नसतात. पंपावर 'गझोल' म्हणजे डिझेल. चुकीचं इंधन भरल्याचं नुकसान विम्यात येत नाही.

रुआँहून नॉर्मंडीतल्याच कान (Caen) शहराकडे जाणाऱ्या ए-१३ महामार्गावर आता टोलनाकेच नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ७२ तासांत ऑनलाइन भरायचे असतात. विसरलात तर दंड, वर भाड्याच्या कंपनीचा कागदपत्रांचा आकार. कानपासून पुढचा ए-८४ मात्र फुकट आहे.

तिकिटांच्या रकमेत तुमचा अंदाज चुकलाय. सरकारी स्मारकांत १८ ते २५ वयाच्यांना प्रवेश मोफत, हे युरोपीय संघात राहणाऱ्यांपुरतं आहे. मुलीचा जर्मन निवास परवाना दाखवला की तिला बहुतेक ठिकाणी मोफत सोडतील, मुलाला पूर्ण तिकीट पडेल. जानेवारी २०२६ पासून पॅरिसचं लूव्र संग्रहालय युरोपबाहेरच्यांकडून ३२ युरो घेतं, शांबोरच्या किल्ल्यातही त्यांना वेगळा, चढा दर आहे. चार-पाच किल्ले रांगेने करण्यापेक्षा दोन निवडा. तिसऱ्या किल्ल्यात मुलं मोबाइलच बघतील.

युरो १०५ रुपये धरून माझा हिशेब असा: तिघांचं विमान १.८ लाख, व्हिसा व विमा ४२ हजार (व्हिसाचे मुळात माणशी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोंचा), मुलीचं पॅरिसला येणं-जाणं १२ हजार. नऊ रात्री दोन खोल्या १.६ लाख, जेवण १.४७ लाख, गाडी, इंधन, टोल, पार्किंग ५६ हजार, ट्रेन २१ हजार, तिकिटं ३७ हजार. बेरीज ६.५५ लाख. पाचेक हजार कमी पडतात, ते पगारातून निघतील.

क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं बहुधा ३.५ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. म्हणून ते गाडीच्या अनामतीपुरतं वापरा, रोजचा खर्च फॉरेक्स कार्डावर. मशीनने रुपयांत घेऊ का विचारलं, तर युरोच निवडा. फॉरेक्स कार्ड एकदम भरू नका. जूनपासून तीन हप्त्यांत भरा, म्हणजे सगळी रक्कम एकाच चढ्या दराला अडकणार नाही.