परदेशातला किनारा आणि ॲपवरची गाडी : वाचकांची प्रश्नोत्तरे

आंब्याचा हंगाम उरकला की रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे वाचक परदेशी सहलीचे प्रश्न पाठवू लागतात, आणि दरवर्षी तेच घोळ पुन्हा समोर येतात. आपल्या गावांत अजून ॲपवर गाडी बोलावायची सवय नाही. ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला की तो दारात हजर होतो. थायलंडमधल्या फुकेतला, इंडोनेशियातल्या बालीत किंवा व्हिएतनाममधल्या दा नांगला मात्र विमानतळाबाहेर पाऊल टाकताच ॲपवाचून अडतं. यंदा वारंवार आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

फोनमध्ये उबर आहेच. थायलंडला तेच चालेल ना? (चिपळूण)

नाही. उबरने २०१८ साली आग्नेय आशियातला आपला व्यवसाय ग्रॅब या तिथल्याच कंपनीला विकला. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशिया या सगळ्या देशांत ग्रॅब चालतं. जोडीला थायलंडात बोल्ट, इंडोनेशियात गोजेक आणि व्हिएतनाममध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांची सान एसएम आहे. श्रीलंकेत पिकमी आणि उबर दोन्ही मिळतात.

ताई, तिकडे उतरल्यावर सिम घेऊन निवांत ॲप टाकलं तर काय बिघडलं? (रत्नागिरी)

बरंच बिघडतं. दोन मुलं, चार बॅगा आणि रात्रीचं विमान असताना विमानतळाच्या दारात खातं उघडत बसू नका. ग्रॅबचं खातं आपल्या भारतीय नंबरवर घरीच उघडा, म्हणजे ओटीपी घरीच येईल. कार्ड तेव्हाच जोडलं गेलं तर उत्तम, नाहीतर तिकडे पोहोचल्यावर जोडा. बँकेचं काम मात्र इथेच उरकायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी सुरू करून दिली जातात. परदेशी व्यवहाराचं बटण आपणच चालू करायचं असतं. ते बँकेच्या ॲपमध्ये सापडलं नाही तर शाखेत जाऊन विचारा, पण आठवडाभर आधी.

भारतीय सिम फोनमधून काढू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, म्हणून त्याचं रोमिंग सुरू ठेवा. इंटरनेटसाठी दुसऱ्या खाचेत तिकडचं सिम घाला किंवा ई-सिम घ्या.

गुगल पे चालतं का तिकडे? (खेड)

त्याच्या भरवशावर जाऊ नका. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झालं आहे, पण सगळ्या दुकानांत नाही. शिवाय त्यासाठी ॲपमध्ये परदेशी वापर आधी सुरू करावा लागतो. एक कार्ड, दुसरं राखीव कार्ड आणि थोडी रोकड, एवढं जवळ हवंच.

व्हिएतनामला रोख देणार असाल तर नोट उजेडात धरून शून्यं मोजा. तिथली २० हजार डाँगची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसरच. दोन्ही प्लास्टिकच्या, गुळगुळीत. रात्री गाडीच्या अंधारात एकीच्या जागी दुसरी गेली तर पंचवीस पट पैसे गेले.

गाडी बुक केली की चालक मेसेज करतो, 'बुकिंग रद्द करा, रोख द्या, स्वस्तात सोडतो.' असं करावं का? (सावंतवाडी)

अजिबात करू नका. बुकिंग रद्द झालं की त्या प्रवासाची ॲपवर नोंदच होत नाही. गाडीत पर्स राहिली, अपघात झाला, चालकाने भलतीकडे उतरवलं, तर तक्रार कुठे करणार? ॲपवर भाडं आधी दिसतं, चालकाचा फोटो आणि गाडीचा नंबर दिसतो, आपण कुठे आहोत हे घरच्यांना पाठवता येतं. सुरक्षितता आहे ती एवढ्यातच, आणि ती पन्नास-शंभर बाथसाठी (बाथ हे थायलंडचं चलन) सोडायची नसते. टोल किंवा विमानतळाचं शुल्क वेगळं पडू शकतं, तेवढं विचारून घ्या.

बसण्याआधी नंबर जुळवा. थायलंडच्या पाटीवर अक्षरं थाई असली तरी आकडे आपल्या ओळखीचे इंग्रजीच असतात, तेवढे पुरतात. न जुळणाऱ्या गाडीत चालक कितीही गोड बोलला तरी बसू नका.

आम्ही दोघं घाटात, लाल मातीत रोज ॲक्टिव्हा चालवतो. मित्र म्हणाला बालीत, फुकेतला लायसन्स कोणी बघत नाही, स्कूटर भाड्याने घ्या, टॅक्सीपेक्षा स्वस्त. बरोबर ना? (मालवण)

या प्रश्नाचं उत्तर मी दरवर्षी देते आणि दरवर्षी कोणाचा तरी मित्र त्याच्या उलट सांगतो. म्हणून यंदा सविस्तर लिहिते.

तुम्हाला गाडी येते की नाही याच्याशी इथे संबंध नाही. प्रश्न कागदाचा आहे. तिथे दुचाकी चालवायची तर आपल्या मूळ लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतच मिळतो. सिंधुदुर्गकरांनी ओरोसला, रत्नागिरीकरांनी रत्नागिरीला अर्ज करायचा. 'सारथी' संकेतस्थळावर फॉर्म भरून लायसन्स, पासपोर्ट, तिकीट आणि जिथे लागतो तिथे व्हिसा जोडायचा. परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो. तुमच्या लायसन्सवर फक्त चारचाकी असेल तर या परवान्यावरही स्कूटर येणार नाही. असा परवाना दोन दिवसांत ऑनलाइन देणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर पैसे घालवू नका. आपल्या देशात तो देण्याचा अधिकार आरटीओचा आहे.

तो हातात असला तरी सगळीकडे चालतोच असं नाही. आपल्याला मिळतो तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतो, त्यामुळे दा नांग-होई आनच्या रस्त्यावर आपला कागद उपयोगाचा नाही. भाड्याने देणारा हे सांगणार नाही. त्याला दिवसाचं भाडं हवं असतं.

आता 'कोणी बघत नाही' याबद्दल. पोलीस एखादे वेळी बघणार नाही, दंड घेऊन सोडूनही देईल. विमा कंपनी मात्र नक्की बघते. बहुतेक प्रवासी विम्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की त्या देशात वैध परवाना नसताना, हेल्मेट नसताना किंवा दारू पिऊन दुचाकी चालवली तर दावा मिळणार नाही. पायाचं हाड मोडलं, तिथल्या खासगी रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी पैसे भरायला सांगितले आणि विमा कंपनीने लायसन्सची प्रत मागितली, तर त्या क्षणी तुम्ही काय पाठवणार? मग गावाकडून पैसे गोळा होतात, बागेचा आगाऊ सौदा होतो. समोरच्या माणसाला लागलं तर त्याचा खर्चही तुमच्यावर येतो, कारण भाड्याच्या स्कूटरला अनेकदा सक्तीच्या किमान विम्यापलीकडे काही नसतं.

दुकानदार हमी म्हणून पासपोर्ट मागतो. देऊ नका. गाडीवर आधीचाच ओरखडा दाखवून हजारो बाथ मागण्याचा धंदा जुना आहे, आणि पासपोर्ट त्याच्या खणात असला की तुम्हाला बोलताच येत नाही. जेट-स्कीचंही तसंच. चढण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, नाहीतर चढू नका.

ॲपवरच्या दुचाकीवर मागे बसून जाणं हा वेगळा मार्ग आहे. चालक परवानाधारक असतो, हेल्मेट तो देतो. ते डोक्यात सैल बसलं तर ती फेरी सोडून द्या. मागे बसणाऱ्याला विमा लागू होतो का, हे मात्र पॉलिसी घेण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. एजंटचं तोंडी 'हो' उपयोगाचं नाही.

बालीत अनेक गावांत 'ऑनलाइन टॅक्सीला मनाई' अशा पाट्या दिसतात म्हणे. मग फिरायचं कसं? (वेंगुर्ला)

पाट्या खऱ्या आहेत. स्थानिक चालकांच्या संघटना आपल्या हद्दीत ॲपच्या गाडीला प्रवासी उचलू देत नाहीत. सोडायला हरकत नसते, उचलायला असते. त्यांच्याशी वाद घालू नका आणि ॲपच्या चालकालाही भांडायला लावू नका, त्याला तिथेच रोज धंदा करायचा असतो. मुख्य रस्त्यापर्यंत चालत या, किंवा चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवा.

उलुवातूच्या मंदिरात सूर्यास्ताला केचक नृत्य असतं. ते सुटलं की सगळी गर्दी एकदम गाडी शोधते आणि फोनवर गाडी दिसेनाशी होते. जाताना ज्याच्या गाडीने गेलात त्यालाच थांबायला सांगा, थांबण्याचे पैसे आधी ठरवा.

थायलंडमध्ये क्राबीला रायले बीचला ॲपने जाता येईल का? (गुहागर)

नाही. तिथे रस्ताच नाही. जवळच्या आओ नांग किनाऱ्यापर्यंत गाडी, पुढे होडी.

एजंटने सगळे ट्रान्सफर पॅकेजमध्ये घातलेत. ॲप असताना ते घ्यावेत का? (अलिबाग)

आधी त्याला ट्रान्सफरचा भाव वेगळा लिहून मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मग विचारा की गाडी खासगी आहे की 'एसआयसी'. एसआयसी म्हणजे इतर प्रवाशांबरोबरची सामायिक गाडी, म्हणजे पाच हॉटेलांच्या दारात थांबत जायचं. याची कल्पना न देता 'लक्झरी कोच' म्हणून तिचे खासगी गाडीसारखे पैसे लावणं मला मुळीच मान्य नाही. रात्री उशिरा पोहोचत असाल तर विमानतळ ते हॉटेल एवढी एक खासगी गाडी आधी ठरवणं योग्य. बाकी दिवस ॲपवर काढा. क्राबी शहर ते आओ नांगसाठी सोंगथाओ असते, ती आपल्या वडापसारखीच, हात दाखवला की थांबते. फुकेतला विमानतळापासून पश्चिम किनाऱ्याने जाणारी स्मार्ट बस आहे. पॅकेजच्या बिलातल्या टीसीएसबद्दल, म्हणजे एजंट बिलातच वसूल करतो त्या कराबद्दल, तुमच्या सीएंना विचारा.

बागेची कामं आटोपून जुलैत मोकळे होतो. फुकेत खूप स्वस्त दिसतंय. घेऊ का? (देवगड)

स्वस्त का आहे ते बघा. आपल्याकडे जो नैऋत्य मोसमी वारा पाऊस आणतो, तोच मे ते ऑक्टोबर फुकेत-क्राबीचा समुद्र खवळवतो. होड्यांच्या सहली ऐनवेळी रद्द होतात. तिथला प्रसिद्ध माया बे किनारा तर दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंदच असतो. जुलैत बाली कोरडं असतं, दा नांगला ऊन असतं, श्रीलंकेत पूर्वेचं त्रिंकोमाली चांगलं. दा नांगला पावसाचा जोर सप्टेंबरनंतर, म्हणून गणपती झाल्यावर तिकडे नको. आगाऊ पैसे भरण्याआधी परताव्याच्या अटी वाचा आणि कळल्या नाहीत तर विचारा.

आम्ही खाडीत पोहत वाढलो. तिकडच्या किनाऱ्यावर लावतात त्या लाल बावट्याचं एवढं काय? (श्रीवर्धन)

लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. आपल्या खाडीची भरती-ओहोटी तुम्हाला ठाऊक आहे, फुकेतच्या करोन किंवा बालीच्या कुता किनाऱ्याची नाही. तिथे किनाऱ्यापासून समुद्रात आत खेचणारे प्रवाह तयार होतात आणि चांगले पोहणारेच त्यांच्याशी झुंजून दमतात. सापडलात तर उलट पोहू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाहेर पडा. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच उतरा, आणि आधी जीवरक्षकाशी बोला.

आई-बाबा सत्तरीचे. बाबांना हृदयविकाराच्या गोळ्या, आईचे गुडघे दुखतात. थायलंडला नेऊ का? (मुरुड)

नेता येईल, पण ठिकाण जपून निवडा. आओ नांगला लांबट लाकडी होडी धक्क्याला लागत नाही. बॅग डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालायचं आणि हलत्या शिडीने चढायचं. आईंना ते झेपणार नाही. हॉटेल असं घ्या की गाडी दारापर्यंत येईल. ॲपवर सहा आसनी गाडी निवडा, पण बसायची पायरी उंच वाटली तर साधी कारच बरी.

गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवा. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. हे दोन्ही आकडे बाबांच्या फोनमध्येही घाला. विमा काढताना आधीचे आजार लपवू नका, त्यांचा वेगळा हप्ता भरा. तिकीट काढण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून विमानप्रवासाची लेखी परवानगी घ्या. तिकीट काढून मग विचारलंत आणि डॉक्टर नाही म्हणाले, तर पैसे अडकतील.