‘अकँथस’ आणि ‘अकंटक’

प्रश्न असा आहे : प्राचीन ग्रीक-रोमन इमारतींतल्या कॉरिंथियन शैलीच्या खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या ‘अकँथस’च्या पानांना काटे दिसत नाहीत, मग हा शब्द आपल्या ‘अकंटक’चाच भाऊबंद असेल का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

भाऊबंद नाही, अर्थ तर थेट उलटा. ग्रीकमध्ये ‘अकांथा’ म्हणजेच काटा. त्यातला ‘अ’ नकाराचा नाही, शब्दाच्या अंगचाच आहे. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण नकाराचा ‘अ’ ग्रीकमध्येही आहे : ‘ॲटम’ म्हणजे मुळात ‘जे कापता येत नाही ते’. हीच ‘अकांथा’ ट्रॅगकँथ डिंकाच्या नावातही आहे. ‘ट्रॅगोस’ म्हणजे बोकड, म्हणून बोकडकाटा!

मग खांबावरचे काटे गेले कुठे? भूमध्य समुद्राच्या परिसरात या झाडाच्या दोन जाती ओळखीच्या आहेत. ‘स्पिनोसस’ काटेरी, तर ‘मॉलिस’ची पानं रुंद आणि बिनकाट्यांची. लॅटिनमध्ये ‘मॉलिस’ म्हणजे मऊ. म्हणजे ‘अकँथस मॉलिस’ हा ‘मऊ काटेरी’ झाला. मला हे नाव फार आवडतं. ग्रीक कारागिरांच्या छिन्नीत पानांची टोकं अणकुचीदार असतात, रोमन कामात ती गोलसर, भरीव होतात. रोमन स्तंभशीर्ष जवळून पाहा : आठ-आठ पानांच्या दोन ओळी, देठापासून वर फाकणाऱ्या शिरा आणि शेंडा पुढे झुकलेला, जणू वरून काहीतरी दाबतंय.

ते ‘काहीतरी’ म्हणजे कौल, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस (इ.स.पू. पहिलं शतक) सांगतो. कॉरिंथ या ग्रीक शहरातली एक मुलगी वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडत्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या, वर कौल झाकलं. खाली अकँथसचं मूळ होतं. वसंतात पालवी टोपलीभोवती चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. शिल्पकार कॅलिमॅकसनं ते पाहिलं आणि स्तंभशीर्ष घडवलं. आलोइस रीगल या कलेतिहासकारानं 1893 मध्ये ही कथा नाकारली. त्याच्या मते ही नक्षी जुन्या ताडपर्णी नक्षीतूनच उमलली. मला त्याचं म्हणणं पटतं, पण ते कौल काही मनातून जात नाही.

आता मराठी शब्द. अबोली, कोरांटी, अडुळसा, कारवी ही सगळी अकँथसच्याच कुळातली. खाडीच्या चिखलात वाढणारी, जांभळट फुलांची मारांडी तर सख्खी अकँथस आहे. तिच्या पानांच्या कडा हाताला चांगल्याच टोचतात. तरीही खांबावरच्या पानांना ‘मारांडीची पानं’ म्हणू नये. मारांडीची पानं आखूड, ताठ, चकचकीत. वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहील. ‘काटेरी पान’ही नको, त्यानं निवडुंग आठवतो. ‘अकँथसची पानं’ असंच लिहावं, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘कातरलेल्या कडांची पर्णनक्षी’ एवढा खुलासा जोडावा.