गोल्फ मैदानाची परवानगी : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : आमच्याकडे सलग ५५ हेक्टर जमीन आहे. विकास आराखड्यात ती 'शेती व मोकळी जागा' विभागात येते. अठरा होलचं मैदान बसेल का? झोन बदलून घ्यावा लागेल का?

उत्तर : बसेल, पण अंग चोरून. पूर्ण लांबीच्या अठरा होलना (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एकेक पट्टा) साधारण ५० ते ८० हेक्टर लागतात, आणि कागदावरची सगळी जमीन खेळाला मिळत नाही. ओढे, पाणथळ, तीव्र उतार, वीजवाहिनीखालचा पट्टा आधी वजा करा.

मग हद्दीकडे वळा. फेअरवेची, म्हणजे होलमधल्या कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याची, मध्यरेषा आणि शेजाऱ्याची हद्द यांत ४५ ते ६० मीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. बहुतेक खेळाडू उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचा चुकलेला फटका जास्त करून उजवीकडे वळतो. त्यामुळे रस्ता किंवा घरं होलच्या डाव्या हाताला यायला हवीत. म्हणजेच हद्दीलगतचे होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचे. काही ठिकाणी हद्द उजवीकडे आलीच तर अंतर वाढवा. उंच जाळी हा शेवटचा उपाय, आणि तिलाही बहुधा वेगळी परवानगी लागते. एवढं करून जागा पुरेना झाली तर नऊ होल आणि ऐसपैस सराव मैदान हा पर्याय कमीपणाचा मानू नका.

झोन बदलाच्या मागे लागण्याआधी नियमावलीतली सशर्त परवानगीची यादी वाचा. अशा विभागात गोल्फ मैदान सरसकट चालत नसलं, तरी अनेक ठिकाणी सुनावणी घेऊन अटींवर मान्य होतं. झोनच बदलला, की पुढे तिथे आणखी काय उभं राहील याची शेजाऱ्यांना धास्ती बसते आणि हरकतींचा पाऊस पडतो. अर्जात क्लब हाऊस, उपाहारगृह, सराव मैदानाचे दिवे, यंत्रांची शेड, पार्किंग हे सगळं वेगवेगळं लिहा. मैदान 'मोकळी जागा' म्हणून मंजूर करून घ्यायचं आणि बंगले 'दुसऱ्या टप्प्यात' आणायचे, ही चलाखी सुनावणीत सहसा लपत नाही.

प्रश्न : पर्यावरण अहवाल दोन महिन्यांत होईल असं सल्लागार म्हणतात. शक्य आहे का?

उत्तर : दोन महिन्यांत टायपिंग होईल, अभ्यास नाही. भूजलाची पातळी, ओढ्याचं पाणी, पक्षी, बेडूक यांच्या नोंदी सगळ्या ऋतूंत घ्याव्या लागतात. एक पूर्ण वर्ष धरा. कोरड्या दिवसांत सपाट, निरुपद्रवी दिसणारा तुकडा पावसाळ्यानंतर पाणथळ निघतो, आणि एखादं ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) नेमकं तिथेच आखलेलं असतं. म्हणून आधी हात न लावायच्या जागांचा नकाशा, मगच होलची आखणी. आर्किटेक्टचं देखणं चित्र आधी तयार झालं, की अहवाल त्या चित्राची वकिली करू लागतो.

स्कॉटलंडमधलं फोव्हरन लिंक्स पाहा. सरकत्या वाळूच्या टेकड्यांमुळे संरक्षण मिळालेल्या या जागेचा काही भाग घेणाऱ्या गोल्फ प्रकल्पाला २००८ साली मंजुरी मिळाली. मैदानासाठी वाळू स्थिर केली गेली. २०२० साली निसर्गसंवर्धन यंत्रणेने तिथला संरक्षित दर्जाच काढला, कारण जपावं असं वैशिष्ट्य पुरेसं उरलं नव्हतं. सरकती वाळू झाडांसारखी दुसरीकडे 'लावता' येत नाही.

प्रश्न : पाण्याची गरज किती दाखवावी? प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं की प्रश्न मिटतो ना?

उत्तर : हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. ओलिताखाली २५ हेक्टर हिरवळ आणि कडक उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरलं, तर दिवसाला साडेबारा लाख लिटर. वर्षाची सरासरी दाखवू नका. टंचाईच्या दिवसांतला आकडाच तपासला जातो. तो कमी करायचा तर रफचा (फेअरवेच्या कडेच्या वाढलेल्या गवताचा) बाहेरचा भाग ओलितातून वगळा.

सांडपाण्याने अर्धाच प्रश्न मिटतो. त्यातल्या सोडियममुळे चिकण माती बसते, पाणी मुरेनासं होतं. क्षार आणि सोडियमची चाचणी करूनच गवताची जात ठरवा. पास्पालम हे गवत बरंच खारट पाणी सोसतं. शिवाय त्या पाण्यातून नत्र येतंच, तेवढं खतातून कमी करा.

प्रश्न : कीटकनाशकं ओढ्यात जाणार नाहीत, हे कसं पटवायचं?

उत्तर : ग्रीनपासून सुरुवात करा. प्रचलित रचनेत वाळूच्या मिश्रणाचा ३० सेंटिमीटर थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी, आणि खडीखालच्या चरांत जास्तीत जास्त ५ मीटर अंतराने निचऱ्याचे पाइप असतात. पाणी झपाट्याने उतरावं म्हणूनच हे केलेलं असतं. त्यामुळे खतातलं विरघळलेलं नायट्रेटही तितक्याच झपाट्याने पाइपात येतं. त्या पाइपाचं तोंड ओढ्यात सोडलेलं नकाशावर दिसलं, की बाकीच्या उत्तरांना किंमत राहत नाही. ते गवताच्या रुंद पट्ट्यात किंवा उथळ तळ्यात सोडा. ओढ्याकाठी फवारणीबंद पट्टा आखून त्याची रुंदी लिहून द्या. औषध कालवण्याची जागा छपराखाली, काँक्रीटची आणि कडेने बांध घातलेली हवी. बांधात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावला पाहिजे.

निरीक्षण विहिरी काम सुरू होण्याआधीच खोदा : भूजल मैदानाकडे येतं त्या बाजूला एक, बाहेर पडतं त्या बाजूला निदान दोन. पहिली विहीर खर्च वाचवायला गाळली जाते. मग वरच्या शेतांतून आलेलं नायट्रेटही तुमच्याच खात्यावर पडतं.