इंग्लंडमध्ये ‘डीआयवाय लिव्हरी’वर घोडा ठेवताना सुरुवात कशी करावी आणि तबेल्यात काय अंथरावे?

आपण लिहिले आहे की आपण इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहता, मुलीसाठी पहिलाच पोनी घेत आहात, जवळच्या यार्डात, म्हणजे भाड्याने घोडे ठेवण्याच्या तबेल्यात, डीआयवाय लिव्हरीवर (जागा भाड्याची, काम सगळे आपले) १० बाय १२ फुटांचे ठाण मिळते आहे, आणि गव्हाचे काड, लाकडाचा कीस व पेलेट्स यांपैकी सर्वांत स्वस्त बेडिंग (ठाणातले अंथरूण) कोणते ते आपल्याला हवे आहे. याच देशात नऊ वर्षे मी माझी घोडी अशाच यार्डात ठेवली आहे. त्या अनुभवावरून सांगते की पिशवीवरची किंमत पाहून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही, आणि बहुतेक नवे मालक नेमके तेथेच फसतात.

डीआयवाय लिव्हरीच्या भाड्यात आपल्याला फक्त ठाण आणि चरायचे कुरण मिळते. लीद काढणे, पाणी भरणे, वैरण घालणे, खरारा करणे, सकाळी कुरणात सोडणे आणि संध्याकाळी आत घेणे हे सगळे आपल्याकडे असते. आपल्याकडच्या पागेत त्यासाठी मोतद्दार असतो, येथे मोतद्दार आपणच. दिवसातून दोन फेऱ्या, वर्षाचे ३६५ दिवस, आणि डिसेंबरात तर सूर्य चार वाजण्यापूर्वीच मावळत असल्यामुळे दुसरी फेरी कपाळावर दिवा बांधूनच करावी लागते. म्हणून जागा पक्की करण्यापूर्वी यार्डाच्या मालकाला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: आपण आजारी पडलो तर पोनीकडे कोण पाहील, नळ गोठल्यावर पाणी कोठून मिळते, वैरण साठवायला कोरडी जागा आहे का, आणि हिवाळ्यात कुरण बंद ठेवतात का. घोड्याच्या कल्याणाची कायदेशीर जबाबदारी २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार मालकावर असते. यार्डाला भाडे दिल्याने ती सुटत नाही. पोनीचा पासपोर्ट (होय, येथे घोड्यालाही पासपोर्ट लागतो) खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि मायक्रोचिप १ ऑक्टोबर २०२० पासून इंग्लंडमधील प्रत्येक घोड्याला सक्तीची आहे.

कुरण बंद ठेवण्याचा प्रश्न मी मुद्दाम घातला, कारण बेडिंगच्या खर्चाचे घोडे तेथेच पेंड खाते. भाकरी करपली, पान सडले, घोडा अडला, आणि तिन्हींचे उत्तर एकच, ‘न फिरवल्याने’, हे कोडे आपण शाळेत ऐकले असेलच. दिवसाचे आठ तास बाहेर असणारा पोनी आणि चिखलामुळे सलग तीन दिवस आत उभा असलेला पोनी यांच्या ठाणात जमणाऱ्या लिदीत आणि लघवीत इतका फरक पडतो की बेडिंगचा खर्च सहज दुप्पट होतो.

आता बेडिंगकडे वळते. गव्हाचे काड सर्वांत स्वस्त, उबदार आणि दिसायलाही छान असते. उकिरड्यावर ते लवकर कुजते, त्यामुळे शेतकरी ते खत आनंदाने नेतो. परंतु ते ओल फार कमी शोषते, त्यात धूळ आणि बुरशी असते, आणि खादाड पोनी अंथरूणच खाऊन टाकतो. ओटचे काड तर ते आवडीने खातात, आणि जवाच्या काडाची कुसळे तोंडाला टोचतात. आधीच गोलमटोल असलेल्या पोनीने रात्रभर काड खाल्ले की वजन वाढते, आणि सवय नसताना खूप खाल्ले तर पोटशूळाची भीती असते.

शेव्हिंग्ज म्हणजे सुताराच्या रंध्याखाली पडतो तसा लाकडाचा कीस. तो धूळ काढून गठ्ठ्यांत बांधलेला मिळतो. कोणी सुताराकडचा फुकट कीस देऊ केला तर मात्र घेऊ नये, कारण त्यात रसायने लावलेले लाकूड असू शकते, आणि काळ्या अक्रोडाच्या किसावर नुसते उभे राहूनही घोड्यांना लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या भागाचा वेदनादायक दाह) झाल्याचे पशुवैद्यक शास्त्रात नोंदलेले आहे. पेलेट्स म्हणजे दाबून केलेल्या लाकडी गोळ्या. १५ किलोच्या पिशवीचे तोंड कापून तिच्यात पाच-सहा लिटर कोमट पाणी ओतले की वीसेक मिनिटांत त्या फुगून भुसभुशीत होतात. ओल शोषण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. मात्र कोरड्या गोळ्या घोड्याच्या चंदीसारख्या दिसतात, म्हणून ती पिशवी खाण्याच्या डब्यांजवळ कधीही ठेवू नये. शेगडीत जाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्याही वापरू नयेत.

माझी सुरुवात काडापासूनच झाली, कारण ते स्वस्त होते. पहिल्याच नोव्हेंबरात घोडी खोकू लागली. पशुवैद्याने धूळ कमी करायला सांगितल्यावर मी शेव्हिंग्ज आणले आणि वाळलेले गवत भिजवून घालू लागले, तरी खोकला थांबेना. महिनाभराने लक्षात आले की आमचे तबेले एकाच मोठ्या छपराखाली होते, मधल्या भिंती अर्ध्याच उंचीच्या होत्या, आणि शेजारच्या ठाणात रोज सकाळी काड झटकले जात असे. माझे बेडिंग बदलले होते, हवा तीच होती. घोडीला कडेच्या, बाहेर उघडणाऱ्या ठाणात हलवल्यावरच फरक पडला. म्हणून आपण कोणतेही बेडिंग घ्या, आधी शेजारचे काय वापरतात ते पाहा, आणि साफसफाई करताना पोनीला बाहेर बांधा.

रोजच्या कामाची रीत अशी आहे. आधी वर दिसणारी लीद उचलायची; मी रबरी हातमोजे घालून हातानेच उचलते, कारण काट्याने अर्धे चांगले बेडिंग लिदीबरोबर जाते. मग कोरडे बेडिंग भिंतीकडे लोटून ओला डाग उघडा करायचा. घोडी मागच्या बाजूला मुतते, नर घोडा बेडिंगच्या मधोमध, त्यामुळे नराचे बेडिंग बहुधा अधिक वाया जाते. ओला भाग काढून जमीन थोडी वाळू द्यायची आणि मग कोरडे मागे ओढायचे. भिंतीलगत शेताच्या बांधासारखा उंचवटा ठेवावा. लोळताना पोनी भिंतीला अडकून त्याला उठता न येण्याचा धोका त्याने कमी होतो. ठाण स्वच्छ झाले की नाही हे उभ्याने कळत नाही. उकिडवे बसून, पोनीचे नाक जेथे टेकेल त्या उंचीवर वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर अमोनिया आहे, आणि ओल तशीच राहिली तर खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भागही सडू लागतो. ओले न काढता वर नवे टाकत राहण्याची ‘डीप लिटर’ पद्धत घाईच्या लोकांना मोहात पाडते, पण मार्चमध्ये तो थर खणून काढायला अख्खा रविवार लागला होता, तेव्हा नवख्याला मी ती सुचवणार नाही.

आपल्या १० बाय १२ च्या ठाणात रबरी मॅट असल्यास पेलेट्सच्या पाच-सहा पिशव्यांनी सुरुवात करावी आणि आठवड्याला एक-दोन घालत जावे, असे माझे मत आहे. पहिला खर्च काडाहून बराच जास्त होईल, परंतु रोज उकिरड्यावर जाणाऱ्या ढकलगाड्या निम्म्याहून कमी होतील, आणि सकाळी मुलीला शाळेत सोडायचे असताना त्यात वाचणारी वीस मिनिटे महत्त्वाची असतात. त्याआधी यार्डाला हे चालते का ते विचारा. लाकूड हळू कुजते म्हणून काही यार्डांत फक्त काडालाच परवानगी असते. तसे असेल तर गव्हाचेच काड घ्या, जाड अंथरा, आणि पोनीसमोर रात्रभर पुरेल अशी वैरण जाळीत टांगा, म्हणजे त्याचे तोंड खाली जाणार नाही.

पोनी येण्याच्या आदल्या दिवशीच बेडिंग तयार ठेवा, आणि पहिल्या सकाळी काही हलवण्यापूर्वी ओला डाग नेमका कोठे पडला आहे ते पाहून घ्या. पोनी बहुधा रोज तेथेच मुतेल, आणि पुढची पिशवी तेथेच रिकामी करायची असते.