अमेरिकेतल्या लहान गावांचे मायनर लीग बेसबॉल संघ खरंच कोणी बघायला जातं का?

तुम्ही विचारलंय की या संघांतले, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे, खेळाडू चांगले निघाले की वर्षभरात वरच्या संघात जातात, मग गावातल्या लोकांनी जीव लावायचा कुणावर? शंका रास्त आहे. मी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला राहतो (स्पेलिंग वाचून ‘वॉर्सेस्टर’ म्हणालात तर इथे हसतात). आमचा वूसॉक्स संघ इथे खेळतोय तो 2021 पासून. त्याआधी पन्नास वर्षं तो शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पटकेटचा होता, आणि त्याला पॉसॉक्स म्हणत. आम्ही तो पळवला असं पटकेटवाले म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही.

पटकेट हे गिरण्यांचं गाव, वस्ती जेमतेम पाऊण लाख. पाण्याच्या जोरावर सूत कातणारी अमेरिकेतली पहिली यशस्वी गिरणी इथलीच, अठराव्या शतकाच्या शेवटची. पुढे गिरण्या बंद पडल्या. 1942 साली दलदल बुजवून उभारलेलं मॅककॉय स्टेडियम मात्र राहिलं. तिथे 1970 मध्ये मुख्य लीगमधल्या बोस्टन रेड सॉक्सचा दुय्यम संघ आला आणि 1973 पासून त्यांचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मुख्य लीगच्या एकच पायरी खालचा.

यात गोम अशी की खेळाडूंचा पगार बोस्टन देणार आणि कोणाला कधी वर बोलवायचं तेही बोस्टनच ठरवणार. स्थानिक मालकाच्या हातात तिकिटं, खाणंपिणं आणि जाहिराती. एवढ्यावर संघ चालवणं सोपं नाही, आणि आधीच्या मालकाचं दिवाळंच निघालं. 1977 साली बेन मोंडोर नावाच्या निवृत्त गिरणीमालकाने तो घेतला. माणूस पक्का हिशेबी, पण तिकीट स्वस्त ठेवलं आणि पार्किंग फुकट. मॅककॉयमध्ये खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या खालीच होती. पोरं दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवत आणि दोरीने खाली सोडत. खेळाडू सही करून परत पाठवत. विहिरीतून पाणी शेंदावं तशा सह्या!

पण पटकेटचं नाव झालं ते एका सामन्यामुळे. 18 एप्रिल 1981, समोर रोचेस्टरचा संघ. बेसबॉलमध्ये 9 इनिंगनंतर (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत खेळायचं. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेला खेळ थांबवण्याचा लीगचा नियम होता, पण पंचांकडच्या पुस्तिकेत त्या वर्षी तो छापायचाच राहून गेला होता! मग काय, खेळ चालूच. थंडी एवढी की खेळाडू मोडक्या बॅटी जाळून हात शेकत होते. 21व्या इनिंगमध्ये रोचेस्टरने एक धाव काढली, तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलो. पण पटकेटच्या वेड बॉग्जने फटका मारून पुन्हा बरोबरी साधली. त्याला मिठी मारावी की बदडावं हे सहकाऱ्यांना कळेना. शेवटी लीगच्या अध्यक्षांशी फोन लागला आणि पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, 32 इनिंगनंतर, खेळ थांबला. 1,740 प्रेक्षकांपैकी उरले होते 19.

उरलेला सामना 23 जूनला झाला. तेव्हा मुख्य लीगमध्ये खेळाडूंचा संप चालू होता, त्यामुळे बाहेरचे पत्रकारही लोटले आणि स्टेडियम भरलं. अवघ्या 18 मिनिटांत डेव्ह कोझाच्या फटक्यावर पटकेट 3-2 असं जिंकलं. एकूण 8 तास 25 मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सगळ्यात लांबलेला सामना. त्यात खेळलेले बॉग्ज आणि रोचेस्टरचा कॅल रिपकेन पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले. कोझा मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. तरी पटकेटमध्ये जुन्या लोकांपुढे विषय काढलात तर आधी कोझाचं नाव निघेल. जीव कुणावर लावायचा म्हणालात ना, तो असा.

मोंडोर 2010 मध्ये गेले. 2015 साली संघ विकला गेला. नव्या मालकांना नवं स्टेडियम हवं होतं, सरकारी पैशावरून राज्यात बराच घोळ झाला, आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी वुस्टरला जायचं जाहीर केलं. 2020 चा मोसम पटकेटमधला शेवटचा ठरणार होता. निरोपाला गर्दी होणार हे नक्की होतं, पण कोविडमुळे पूर्ण मोसमच रद्द झाला. मग त्या उन्हाळ्यात क्लबने मैदानातल्या हिरवळीवर टेबलं मांडली आणि जेवायला लोकांना बोलावलं. जागेसाठी प्रतीक्षायादी लागली. ज्या मैदानावर पाय ठेवायला आयुष्यभर परवानगी नव्हती, तिथे बसून लोक बर्गर खात होते.