वायफायच्या दांड्या फुल, नेट मात्र गुल

प्रश्न (जुळे सोलापूर) : सर नमस्कार, घर दुमजली आहे, राउटर खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागं. वर रेंज येईना म्हणून भावाकडचा जुना राउटर आणला, खालनं वायर ओढली आणि वर लावला. आता वर दांड्या सगळ्या दिसतात पण नेट कधी चालतं कधी नाही, आणि मधूनच खालच्यांचं पण बंद पडतं. कंपनीचा माणूस म्हणतो लाईन ओके आहे. गडबड कुठंय?

उत्तर : कंपनीचा माणूस या वेळी खरं बोलतोय. दांड्या फक्त मोबाईल आणि राउटर यांच्यातलं सांगतात, राउटरच्या पुढं नेट आहे का नाही ते दांड्यांना माहीतच नसतं, आणि लोक नेमकं तेच बघून कंपनीला फोन लावतात.

तुमच्याकडं झालंय असं, की घर एक आणि कारभारी दोन. घरातल्या प्रत्येक मोबाईल-लॅपटॉपला आयपी नंबर द्यायचा आणि बाहेर जायचा रस्ता दाखवायचा हे राउटरचं काम, त्याला डीएचसीपी म्हणतात. ते आता दोघंही करतायत. ज्याला वरच्यानं नंबर दिला तो नेट मागायला वरच्याकडंच जातो आणि वरच्याकडं लाईनच नाही. त्यात दोघांचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 असेल (बऱ्याच राउटरांचा असतोच) तर खालचे पण गोंधळणारच की.

वरच्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो चालू करा, विषय संपला. नसेल तर खालनं आलेली वायर काढा, लॅपटॉप केबलनं वरच्याला जोडा, वरच्याच्याच बुडाला असलेल्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत जा, त्याचा पत्ता बदला (सुरुवात खालच्यासारखीच ठेवा, पण खालचा जे नंबर वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा द्या), सेव्ह करा, नव्या पत्त्यानं परत आत जाऊन डीएचसीपी बंद करा. मग वायर लॅनच्या भोकात घाला, वेगळ्या रंगाचं वॅनचं भोक असतं त्यात नाही.

त्यानंतरही अडलं तर लॅपटॉपचा आयपी बघा. 169.254 नं सुरू होत असेल तर त्याला कुणी नंबरच दिला नाही, म्हणजे वायर नाहीतर डीएचसीपी. नंबर 192.168 चा आहे, 8.8.8.8 ला (गूगलचा सर्व्हर) पिंग केलं, म्हणजे हाक मारली, की उत्तर येतं पण साईट उघडत नाही, तर डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारा) गंडलाय, तिथं 1.1.1.1 टाकून बघा. आणि तो खालचा राउटर टीव्हीमागनं काढा हो, शोभेसाठी लपवायची वस्तू नाही ती.

प्रश्न (अशोक चौक) : खाली आमचे यंत्रमाग, वर राहतो. सकाळी माग सुरू केले की राउटर बंद होऊन परत चालू होतो. मागामुळं वायफाय खराब होतं का?

उत्तर : फायबर म्हणजे काच, त्यातनं प्रकाश जातो, मोटरींनी त्याला काही होत नाही. मोटर सुरू होताना करंट ओढते आणि क्षणभर व्होल्टेज पडतं, हे त्याचं आहे. खरं तर ॲडॅप्टर बघा, त्यावर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे चांगला असेल तर एवढं सहज झेलतो. तुमचा झेलत नाही म्हणजे तो थकलाय, नाहीतर सॉकेट ढिला आहे. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावा. बाजारात राउटरचे छोटे यूपीएस मिळतात, तो घेतला तर लाईट गेल्यावर पण नेट राहील, फक्त व्होल्ट जुळवून घ्या. राउटरवरचे सगळे दिवे एकदम विझले तर गडबड पॉवरची, बाकीचे चालू आणि एलओएस (लाईनचा सिग्नल तुटल्याचा दिवा) लाल लुकलुकतोय तर लाईनची, तेव्हा खुशाल तक्रार करा. आणि सुताची धूळ राउटरच्या जाळीत बसते ती पुसत जा, मे महिन्यात सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर, त्यात हवा कोंडली की राउटर लई तापतो.

प्रश्न (सात रस्ता) : पोरानं टाचणीनं रीसेट दाबलं, दिवे हिरवे आहेत पण नेट नाही.

उत्तर : आतलं सगळं सेटिंग पुसलं गेलं. बऱ्याच कनेक्शनला राउटरमध्ये यूजर आयडी-पासवर्ड भरलेला असतो, तो कंपनीकडून घेऊन परत भरा. मागचं चालू-बंदचं बटण वेगळं आणि हे वेगळं, पोराला दाखवून ठेवा.

प्रश्न (विजापूर रोड) : प्लॅन 200 चा, केबल लावून मोजलं तरी 94 च्या वर जात नाही. कंपनी फसवतेय का?

उत्तर : आकडा 94-95 ला अडला की आधी केबलवर संशय घ्या. गिगाबिटला, म्हणजे 1000 च्या स्पीडला, केबलमधल्या चारही जोड्या लागतात, एखादी तार तुटली किंवा गड्ड्याच्या जत्रेतनं स्वस्त म्हणून घेतलेल्या वायरीत दोनच जोड्या असल्या की स्पीड 100 वर येतो. कॅट 5ई किंवा कॅट 6 ची नीट केबल लावून परत मोजा. तरी तेवढंच आलं तर राउटर नाहीतर लॅपटॉपचा पोर्टच 100 चा असेल, मग 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर राउटरजवळ बसून बघा.